केसीन, उंदीर आणि वरणभात

मागच्या उन्हाळ्यात एका शिक्षक-शिबिरात आम्ही प्रथिनांवर बोललो. चहाच्या सुट्टीत प्राथमिक शाळेतल्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही दुधाअंड्यांबद्दल चांगलं बोललात. पण आमच्या पालकसभेत 'समग्र आरोग्य' या विषयावर एक वक्ते आले होते. दुधातल्या प्रथिनामुळे कर्करोग होतो आणि हे चीनमध्ये सिद्ध झालंय, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दोन आयांनी मुलांचं दूध बंद केलं. त्यातला एक मुलगा आधीच वजनाला कमी आहे. आता मी त्यांना काय सांगू?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही, कारण वक्त्यांनी ज्या पुस्तकाचा आधार घेतला होता ते आम्ही वाचलेलेच नव्हते. न वाचता 'हे सगळे थोतांड आहे' असे म्हणणे सोपे होते, पण ते विज्ञानाला धरून झाले नसते. म्हणून पुस्तक मिळवून वाचले. त्याचाच हा लेखाजोखा. पुस्तकाचे नाव 'द चायना स्टडी'. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक टी. कॉलिन कॅम्पबेल आणि त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी लिहिलेले हे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले. आज शाकाहारी किंवा केवळ वनस्पतिजन्य आहाराच्या बाजूने जे बोलले जाते, त्यातला बराचसा वैज्ञानिक वाटणारा मजकूर या एका पुस्तकातून आलेला असतो.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : फळे, भाज्या, कडधान्ये, अखंड धान्ये असे फारशी प्रक्रिया न केलेले वनस्पतिजन्य अन्न खावे. मांस, मासे, अंडी, दूध हे सारे वर्ज्य करावे, कारण प्राणिज प्रथिने हृदयविकार, मधुमेह आणि कर्करोग यांना खतपाणी घालतात. लेखक स्वतः दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकरी कुटुंबात वाढलेले. म्हणजे त्यांचे मत आधीपासून दुधाविरुद्ध होते असे म्हणता येत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हाला शंका नाही. शंका आहे ती पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत जाणाऱ्या वाटेविषयी.

हैदराबादचे उंदीर

या कहाणीची सुरुवात आपल्याकडे, हैदराबादला होते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. १९६८ साली तिथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (हीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली) माधवन आणि सी. गोपालन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके ज्यांच्या नावाने ओळखली जातात, तेच हे गोपालन. त्यांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिले. ओलसर शेंगदाण्यांवर आणि मक्यावर वाढणारी एक बुरशी हे विष तयार करते, आणि त्याने यकृताचा कर्करोग होऊ शकतो. उंदरांच्या एका गटाच्या आहारात २० टक्के केसीन, म्हणजे दुधातले मुख्य प्रथिन होते, तर दुसऱ्याच्या आहारात फक्त ५ टक्के. कर्करोग झाला तो २० टक्केवाल्या गटात. कॅम्पबेल त्या काळात फिलिपाइन्समध्ये कुपोषणावर काम करत होते. हा शोधनिबंध वाचून त्यांच्या संशोधनाची दिशाच बदलली.

इथपर्यंत सगळे बरोबर आहे. पण याच संशोधकांचा १९६५ सालचा निबंधही सोबत वाचायला हवा. त्यात असे दिसले होते, की कमी प्रथिने मिळालेल्या कोवळ्या उंदरांच्या यकृताला अफ्लाटॉक्सिनची इजा जास्त होते. हैदराबादलाच माकडांवर झालेल्या प्रयोगातही तेच आढळले. १९६८ च्या प्रयोगात कमी प्रथिनांच्या गटातले बरेच उंदीर वर्षभरही जगले नाहीत. म्हणजे ५ टक्के प्रथिनांवर ठेवलेला उंदीर कर्करोगातून वाचला तरी विषबाधेतून वाचतोच असे नाही. कर्करोगाच्या गाठीला वाढायला पेशींची वाढ लागते, आणि उपाशी शरीरात कुठलीच पेशी नीट वाढत नाही. यकृताच्या जखमा भरून काढणारी पेशीही त्यात आली.

याचा अर्थ माणसांच्या जगात काय होतो, ते १९७४ साली दिसले. गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, कारण घरात दुसरे काही नव्हते. ३९७ जणांना कावीळ झाली, त्यांतले १०६ दगावले. या लोकांच्या ताटात दूध आणि मांस भरपूर होते असे कोणी म्हणणार नाही. मक्यावर जगणारी ही गरीब माणसे होती. विष बुरशीचे होते, आणि ते पचवण्याची ताकद शरीरात नव्हती.

लायसीनचा चिमूटभर पुरावा

केसीन प्राण्यापासून येते, म्हणून दोष प्राणिज प्रथिनांचा, अशी पुस्तकाची पुढची पायरी आहे. त्याला आधार असा, की उंदरांना २० टक्के गव्हाचे प्रथिन दिले तेव्हा गाठींची पूर्वचिन्हे वाढली नाहीत. हा मुद्दा ऐकणाऱ्याला एकदम पटतो. पण कॅम्पबेल यांच्याच प्रयोगशाळेने १९८९ साली एक पाऊल पुढे जाऊन पाहिले होते. गव्हाच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते. प्रयोगात ते वरून घातले. तेव्हा गव्हाचे प्रथिनही केसीनसारखेच वागू लागले!

हा प्रयोग फार मोलाचा आहे. लायसीनचे बारीकसे माप घालून गव्हाचा काही 'प्राणी' होत नाही. फरक पडला तो प्रथिनाच्या उगमामुळे नव्हे, तर त्याच्या पूर्णतेमुळे. शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्ले योग्य प्रमाणात मिळाली की पेशी वाढतात. चांगल्या वाढतात, तशा अफ्लाटॉक्सिनने बिघडवलेल्याही वाढतात.

आता आपल्या ताटाकडे पाहू. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसीन कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण मेथिओनीन कमी. म्हणून वरणभात, आमटी-भाकरी, खिचडी ही जोडी जमते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे आपण सातवी-आठवीच्या वर्गात शिकवतोच. म्हणजे केसीनविरुद्धचा उंदरांचा पुरावा जसाच्या तसा माणसाला लावायचा झाला, तर तो वरणभाताविरुद्धही लावावा लागेल. वनस्पतिजन्य आहाराचा कैवार घेणाऱ्या कुणालाही हे मान्य होणार नाही, आणि होऊही नये. पुस्तकाचा निष्कर्ष मात्र या प्रयोगाने बदललेला नाही.

आणखी एक विसंगती आम्हाला खटकली. अन्नाचा विचार सुट्या घटकांत करू नये, संपूर्ण अन्नाचा करावा, हे पुस्तकाचे पहिले तत्त्व आहे. तत्त्व उत्तम आहे. पण त्याच पुस्तकाचा मुख्य पुरावा म्हणजे दुधातून वेगळी काढलेली एका प्रथिनाची पूड! 'समग्र' या शब्दाचा असा सोयीने वापर शिक्षकांनी ओळखायला शिकले पाहिजे.

पासष्ट परगणे आणि आठ हजार संबंध

आता चीनकडे वळू. १९८३ साली चिनी, अमेरिकी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मिळून चीनमधल्या ६५ परगण्यांतल्या सुमारे ६,५०० प्रौढांचा आहार, राहणी आणि रक्त तपासले. तिथल्या मृत्यूंची आकडेवारी १९७३ ते १९७५ या काळातली होती. लोक पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहत असल्यामुळे हा मेळ चालेल, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच चुकीचे नाही. एवढे मोठे काम क्वचितच होते. त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

या पाहणीत ३६७ बाबी मोजल्या गेल्या. पुस्तक अभिमानाने सांगते, की त्यांतून संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारे ८,००० हून अधिक संबंध सापडले. इथे खडू हातात घ्यावा. ३६७ बाबींच्या जोड्या किती होतील? ३६७ गुणिले ३६६ भागिले २, म्हणजे ६७,१६१. नेहमीची कसोटी अशी, की शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगानेही संबंध दिसू शकतो. तेव्हा या सगळ्या जोड्यांत खरा संबंध एकही नसला, तरी सुमारे ३,३५८ जोड्या 'कसोटीला उतरतील'. त्यांतल्या आपल्याला हव्या त्या उचलल्या, तर मांसाविरुद्धही लिहिता येईल आणि गव्हाविरुद्धही.

मग उरलेले काही हजार संबंध तरी खरे? खरे असतील, पण संबंध म्हणजे कारण नव्हे. मुलांच्या चपलेचे माप आणि त्यांना येणारे पाढे यांत पक्का संबंध असतो. मोठी चप्पल घेऊन दिल्याने एकोणतिसचा पाढा येत नाही. दोन्हींच्या मागे वय असते. तसेच ज्या परगण्यात मांस जास्त खाल्ले जाते तिथे पैसा जास्त असतो, शहर जवळ असते, कारखाने असतात, अंगमेहनत कमी असते. शिवाय ६५ परगणे म्हणजे ६५ सरासऱ्या. मांस ज्यांनी खाल्ले तेच आजारी पडले की त्यांचे शेजारी, हे सरासरी सांगत नाही. यकृताच्या कर्करोगाची दोन ठळक कारणे तर आपल्याला ठाऊकच आहेत : 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू आणि बुरशीचे विष. एकावर लस आहे, दुसऱ्यावर धान्य नीट वाळवणे हा उपाय आहे. दूध बंद करून या दोन्हींपैकी काहीच साधत नाही.

मग पालेभाज्या सोडायच्या का?

मुळीच नाही. डाळी, भाज्या, फळे, कोंड्यासकट धान्ये जास्त आणि साखर, मैदा, तळण कमी, हा पुस्तकाचा सल्ला चांगला आहे. तो सिद्ध करायला केसीनची गरज नव्हती. अमेरिकेत डीन ऑर्निश यांनी १९९० साली हृदयरोग्यांवर केलेल्या प्रयोगात कमी चरबीच्या शाकाहाराने, व्यायामाने, धूम्रपान सोडल्याने आणि योग-ध्यानाने मिळून रक्तवाहिन्यांतले अडथळे थोडे कमी झाले. मात्र 'मिळून' हा शब्द विसरू नये. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर श्रेय एकट्या आहाराला देता येत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ४८ हजारांवर लोकांचा सुमारे १८ वर्षे मागोवा घेतला. २०१९ साली त्यांनी जे मांडले त्यात शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी, पण पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त दिसला. खरे विज्ञान बहुधा असे अर्धेमुर्धे बोलते. टाळ्या त्याला कमी मिळतात.

हे पुस्तक मुळात अमेरिकी माणसासाठी लिहिलेले आहे. त्याच्या ताटात मांस आणि चीज भरभरून असते, आणि ते कमी करा हा सल्ला त्याला लागू पडतो. आपल्या पालकसभेत बसलेल्या आईच्या घरात दिवसाला कपभर दूध येते. सल्ला तोच आहे, पण माणूस बदलला की तोच सल्ला बाधू शकतो.

याचा पुरावा शोधायला चीनला जावे लागत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून करत आले आहेत. त्यांच्या २००८ च्या निबंधात दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळली. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, आणि आपल्याला ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पालेभाजीत ते नसते. देशभरातल्या मुलांची २०१६ ते २०१८ या काळात पाहणी झाली, तेव्हा किशोरवयीन मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांत ब-१२ ची कमतरता दिसली. 'द चायना स्टडी'तही ब-१२ च्या गोळीचा उल्लेख आहे. पालकसभेतल्या वक्त्यांनी तेवढे पान गाळले असावे. ज्यांना श्रद्धेने किंवा आवडीने दूधही नको असेल, त्यांनी जरूर सोडावे, पण ब-१२ ची सोय आधी करावी.

हा प्रश्न शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्याला केळे देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा सरकारी निधी थांबला आणि हवे असल्यास लोकवर्गणीतून सोय करावी असे शाळांना सांगण्यात आले. म्हणजे 'अंडे चांगले की वाईट' हा वाद आता गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत होणार, आणि तिथे शिक्षकाकडे सगळे पाहणार. केळे चांगले फळ आहे, पण त्यात ना अंड्याइतके प्रथिन, ना ब-१२. एवढे तरी त्या बैठकीत कोणीतरी सांगायला हवे.

त्या बाईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. दोन्ही आयांना एवढेच सांगा, असे कळवले : मुलाचे दूध पुन्हा सुरू करा. डाळ, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी आणि वर लिंबू चालू ठेवा. शेंगदाणे निवडताना काळे पडलेले, सुरकुतलेले आणि बुरशी आलेले दाणे टाकून द्या, कारण कर्करोगाचे विष दुधात नव्हते, ते त्या दाण्यांत होते. आणि वर्गासाठी एक खेळ सुचवला. मुलांच्या चपलांची मापे फळ्यावर लिहा, समोर त्यांना किती पाढे येतात ते लिहा, आणि विचारा, "मग सगळ्यांना मोठ्या चपला आणायच्या का?" हसून झाल्यावर मुले खरे कारण शोधू लागतील. पुढच्या पालकसभेत हाच खेळ पालकांबरोबर खेळायला हरकत नाही.