अहल्याबाईंचें माहेर

अहल्याबाई होळकर यांची रशियाची सम्राज्ञी कॅथेराइन हिच्याशीं तुलना करण्याची चरित्रकारांत वहिवाट पडली आहे. काळ जुळतो हें खरें. कॅथेराइन १७२९ ते १७९६, अहल्याबाई १७२५ ते १७९५. दोघीही सून म्हणून आल्या व राज्यकर्त्या झाल्या. साम्य येथेंच संपतें. आन्हाल्ट-झेर्ब्स्ट येथील जर्मन राजकुलांतली ही कन्या १७६२ त पतीस पदच्युत करून गादीवर बसली. अहल्याबाईंचे पति खंडेराव १७५४ त कुंभेरीच्या वेढ्यांत पडले. १७६६ त सासरे मल्हारराव व १७६७ त पुत्र मालेराव निवर्तले. तेव्हां थोरल्या माधवराव पेशव्यांच्या संमतीनें कारभार बाईंकडे राहिला.

आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो तो साधनांतील भेद. कॅथेराइननें आपल्या बालपणाची हकीकत स्वतः फ्रेंच भाषेंत लिहून ठेविली. अहल्याबाईंच्या कारभारास महेश्वर दरबारच्या बातमीपत्रांचा आधार आहे. माहेराविषयीं मात्र वडील माणकोजी शिंदे, चोंढीचे पाटील, एवढें सांगून चरित्रकार देवळांत मल्हाररावांची दृष्टि मुलीवर पडल्याची कथा जोडून मोकळे होतात. माल्कमचा ग्रंथ १८२३ त छापला गेला; त्याची बरीच माहिती माळव्यांतील लोकांच्या तोंडची. बाईंच्या राज्याविषयीं ती मोलाची आहे. परंतु माळव्यांतील माणसांस चोंढीचें बालपण काय ठाऊक?

कांहीं ग्रंथांत हें गांव बीड तालुक्यांत दिलें आहे. आज तें अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत असून, बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका त्यास लागून आहे. हा घोळ क्षुल्लक नव्हे. पाटीलकी हें वतन. वतनामागें महजर, निवाडपत्रें व वंशावळी येतात. आजच्या जिल्ह्याची हद्द पाहून शोध करणारा अर्धें दप्तर न उघडतांच परत फिरेल. म्हणून हद्दीच्या दोन्ही अंगांस पाटील-कुलकर्ण्यांचे रुमाल सोडून पाहिले पाहिजेत.

परळी वैजनाथाच्या देवालयाचा जीर्णोद्धार बाईंनीं केला, हें बीडकर अभिमानानें सांगतात. तेथील संग्राहकांनीं शिंदे पाटलांच्या घराण्याचा एक जरी अस्सल कागद उजेडांत आणला, तरी तो परदेशी राण्यांशीं केलेल्या सगळ्या तुलनांहून अधिक मोलाचा ठरेल, असें आमचें स्पष्ट मत आहे.