पोतराजाचे अंग : ताल कुणाचा, वळ कुणाचे?

हुपरी हे चांदीचे गाव. येथे घराघरांत तार ओढली जाते, कड्या जुळतात, घुंगरू जोडले जाते आणि येथले पैंजण देशभर जातात. या गावाच्या बाजारात पोतराज नाचताना पाहिला. चांदीच्या दुकानांसमोर त्याच्या पायांत पितळी घुंगरे वाजत होती.

रंगमंच नाही, पडदा नाही. वाढवलेले केस, कपाळी मळवट, कमरेला खणांच्या तुकड्यांचे आभरान आणि वरचे अंग उघडे. बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. ढोलक्यावर काडी घासून घुमता नाद काढणारीही तीच. नाचणारा मात्र एकटा. कोरडा हवेत फिरतो, फटकारा उठतो, वादी अंगाभोवती वेटोळे घालते. आवाज मोठा आणि घाव हलका राहावा म्हणून मनगटाला झटका नेमका केव्हा द्यायचा, हे त्या शरीराला ठाऊक आहे. बापाचे पाहून लेक शिकतो. तरीही पाठीवर वळ आहेतच.

अलीकडे आधुनिक नृत्याच्या चर्चेत शरीराच्या स्मृतीचा फार उल्लेख होतो. शरीर विसरत नाही. म्हणून उघड्यावर, लोकांत, एकट्याने नाचून ती स्मृती जागवायची, असा तो विचार आहे. तो खोटा नाही. पण ज्याला आपली स्मृती निवडता येते त्याचे नृत्य आणि ज्याच्यावर ती जातीने लादली त्याचे नृत्य, ही दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

मरीआई ही साथीची देवी. पटकी आली की गावाने आपले भय गावकुसाबाहेरच्या माणसाच्या अंगावर टाकले. हे काम प्रामुख्याने मातंगांच्या वाट्याला आले. देवीच्या रोगाचा देशातला अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला. रोग गेला, कोरडा राहिला. कारण त्याच्या मुळाशी रोगापेक्षा जात आणि पोट अधिक होते.

म्हणून या नाचाला 'लोककलेचे वैभव' म्हणून टाळ्या वाजवणारा अभिजन आम्हांला मान्य नाही. 'अंधश्रद्धा' एवढे म्हणून हात झटकणारा सुधारकही मान्य नाही. पहिल्याला वळ दिसत नाहीत, दुसऱ्याला ताल ऐकू येत नाही. ताल त्या माणसाने कमावला आहे. वळ समाजाने दिले आहेत. कमावलेले त्याचे राहावे, दिलेले नाकारावे.

पोतराजाच्या घरात वाढलेल्या पार्थ पोळके यांनी आपल्या आत्मकथनाला 'आभरान' हेच नाव दिले. कमरेला बांधलेले वस्त्र त्यांनी शब्दांत सोडले. नकाराची ही वाट हुपरीला परकी नाही. याच हातकणंगले तालुक्यातील माणगावात मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि शाहू महाराज तेथे स्वतः आले. शंभरावर वर्षे झाली.

त्या दिवशी पोतराजाच्या मागे त्याचा पोरगा उभा होता. कोरडा उठला की त्याचेही रिकामे मनगट आपोआप हलायचे. शरीराची स्मृती म्हणतात ती हीच. तो दिवस शाळेचा होता.