होकाराला लागलेली पाच वर्षे

‘फादर, असली पुस्तके वाचली तर पाप लागते का?’ हा प्रश्न धर्मगुरूंना आजही विचारला जातो. विचारणारी बहुधा आई असते आणि पुस्तक लेकीच्या उशाशी सापडलेले असते. निषिद्ध ग्रंथांची सूची पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत, १९६६ साली, कायदा म्हणून रद्द झाली. तेव्हापासून निवडीचा भार वाचकाच्या सदसद्विवेकावर येऊन पडला आहे, आणि सदसद्विवेकाला पुस्तक आधी उघडावे लागते. नुसत्या मुखपृष्ठावरून निवाडा देणे हा आळस होय.

रहस्यकथेशी धर्मगुरूंचे वैर कधीच नव्हते. चेस्टरटनचा फादर ब्राऊन आपल्या परिचयाचा आहे. इंग्लंडचे कॅथलिक धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी बायबलचे भाषांतर केले, त्याच लेखणीने रहस्यकथा लिहिल्या आणि १९२९ साली रहस्यकथाकारांना दहा आज्ञाही घालून दिल्या! प्रेमकथेच्या वाट्याला मात्र असे आश्रयदाते आले नाहीत. ती आली की आपण लगेच चष्मा सावरतो.

जॅनेट इव्हानोविच या अमेरिकन लेखिकेने प्रेमकथांवर हात बसवल्यावर १९९४ साली ‘वन फॉर द मनी’ ही विनोदी रहस्यकथा लिहिली आणि दोन्ही प्रकारांची मोट एकत्र बांधली. नायिका स्टेफनी प्लम ही न्यू जर्सीतील ट्रेंटन शहराच्या कष्टकरी वस्तीतली. नोकरी गेल्यामुळे ती नात्यातल्या भावाच्या कचेरीत, जामिनावर सुटून फरार झालेल्यांना धरून आणण्याचे काम पत्करते. तिला ना पिस्तूल नीट चालवता येते, ना मोटार सांभाळता. पिस्तूल ती बिस्किटांच्या बरणीत ठेवते. तिची आजी, ग्रँडमा मेझूर, शेजारपाजारच्या मयतांचे अंत्यदर्शन ही करमणूक मानते. शवपेटीचे झाकण बंद असले की तिला फसवणूक झाल्यासारखे वाटते. एकदा ती जेवणाच्या टेबलावर भाजलेल्या कोंबडीवरच गोळी झाडते. ही वस्ती, तिथली संध्याकाळची ठरलेली जेवणे, ‘लोक काय म्हणतील’ ही आईची धास्ती आणि मयताला कोण आले, कोण आले नाही याचा काटेकोर हिशेब आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना परका वाटणार नाही. आम्ही अनेक धार्मिक कादंबऱ्या वाचल्या आहेत. माणसे इतकी ओळखीची वाटतील असे त्यांत क्वचितच आढळले. भाषा काही ठिकाणी उघड आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती ही पुस्तके आम्ही देणार नाही. पण आमची खरी तक्रार वेगळी आहे.

स्टेफनीभोवती दोन पुरुष आहेत: पोलीस अधिकारी मोरेली आणि गूढ स्वभावाचा रेंजर. प्रत्येक पुस्तकात गुन्ह्याचा उलगडा होतो, मनाचा होत नाही. मालिकेने तिशी ओलांडली, नायिका मात्र तिशीतच थबकली आहे. २०२४ सालच्या ‘नाऊ ऑर नेव्हर’ या एकतिसाव्या पुस्तकाची गंमत अशी की, तिने दोघांनाही लग्नाला होकार देऊन टाकलेला आहे. हसू येते, हे खरे. वाङ्‌निश्चयाच्या आधारे विवाहाची सक्ती करता येत नाही, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १०६२ वे कलम सांगते. तेव्हा कायद्याने तिला फारशी अडचण नाही. परंतु जो होकार कितीही वेळा, कोणालाही देता येतो, त्याला कथेतही वजन राहत नाही. इथे विनोदाने प्रेमकथा गिळून टाकली आहे.

विनोद, रहस्य आणि प्रेम एकत्र नांदूच शकत नाहीत असे मात्र नाही. डोरोथी सेयर्स या अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या कन्येने, पुढे दान्तेचा अनुवाद करणाऱ्या विदुषीने, हे साधून दाखवले. ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०) मध्ये हॅरिएट व्हेन प्रियकराच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. प्रियकराने तत्त्वाच्या नावाखाली तिला लग्नाविना सोबत राहावयास लावले आणि मग बक्षीस द्यावे तसे लग्न देऊ केले. त्या अपमानामुळे तिने त्याला सोडले होते. लॉर्ड पीटर विम्झी तिला फाशीपासून वाचवतो, तुरुंगातच मागणीही घालतो. ती नाही म्हणते. जीव वाचवणाऱ्याचे ऋण प्रेमाच्या नावाने फेडायचे नाही, हा तिचा हट्ट. ‘हॅव हिज कार्कस’ (१९३२) मध्येही नकारच.

‘गॉडी नाइट’ (१९३५) मध्ये पीटर एक एप्रिलच्या पत्रात लॅटिन ‘नुम्’ या अव्ययाने प्रश्न सुरू करतो. हे अव्यय ‘नाही’ हेच उत्तर गृहीत धरते. कादंबरीच्या शेवटी, ऑक्सफर्डच्या रस्त्यावर, तो पुन्हा लॅटिनमध्येच विचारतो. पण या वेळी ‘ने’ हा प्रत्यय लावून, ज्यात ना होकार गृहीत आहे, ना नकार. सेमिनरीत लॅटिन व्याकरण घोकताना याचा इतका सुंदर उपयोग होईल असे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. विवाहपूर्व शिबिरात मुक्त संमतीवर आम्ही तासभर बोलतो. सेयर्सबाईंनी ते एका प्रत्ययात बसवले आहे. आणि पाच वर्षे विनोदाची धार कुठे बोथट झाली नाही.

‘बसमन्स हनीमून’ (१९३७) मध्ये मधुचंद्राच्या घरातच प्रेत सापडते. पीटर खुनी शोधून काढतो. पण त्याला फाशी होते त्या सकाळी तो पत्नीच्या कुशीत रडतो. स्टेफनीच्या जगात अशी सकाळ उगवत नाही.

सेयर्समध्ये दोष आहेत. उमरावी ऐट कधी कधी डोक्यावर चढते, ज्यू माणसांविषयीचे काही उल्लेख आज खटकतात, आणि ‘गॉडी नाइट’ची लांबी संयमाची परीक्षा पाहते. तरीही वरील क्रमानेच ती वाचावी. ‘स्ट्राँग पॉयझन’ची सुरुवात न्यायाधीशांच्या लांबलचक भाषणाने होते. ते चिकाटीने वाचून काढावे, कारण हॅरिएटची सारी पूर्वकथा तिथेच सांगितलेली आहे.