घसरलं, पण कुणामुळे?

गेल्या पावसाळ्यात बाबांची स्कूटर पडली. विम्याच्या अर्जावर एजंटने कारण लिहिलं : ‘वाहन घसरून अपघात’. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त रस्ता खोदून त्यावर नुसती खडी पसरून गेलेले लोक त्या ओळीत नव्हते. प्लेट बसली ती बाबांच्या मनगटात.

तेव्हापासून ‘घसरणे’ या क्रियापदाकडे मी संशयाने बघतो. हे अकर्मक क्रियापद. ‘घसरवणे’ म्हणता येतं, पण गाडीबद्दल किंवा भावाबद्दल तसं कुणी म्हणत नाही. चाक आणि रस्ता यांच्यातलं घर्षण अपुरं पडलं की चाक घसरतं, हे आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलो. ते अपुरं का पडलं, हा पुढचा प्रश्न. ऑफिसात ‘सर्व्हर पडला’ या वाक्याने आमचा अहवाल सुरू होतो. बातमी बहुतेक वेळा तिथेच संपते.

कांद्याचं बघा. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने निर्यातबंदी जाहीर केली आणि लासलगावात दर उतरले. अशा वेळी मथळ्यात भाव ‘घसरतात’. शेतकरी मात्र ‘भाव पाडले’ म्हणतो. एका क्रियापदाचा फरक, पण त्याच्या वाक्यात पाडणारा उभा असतो. मला शेतकऱ्याचं मराठी जास्त काटेकोर वाटतं.

पुढाऱ्याची ‘जीभ घसरते’ तेव्हाही तेच. भाषण तयारीचं, टाळ्यांसाठी मध्ये थांबलेलं, तरी घसरली ती जीभ! षष्ठी विभक्ती मालकाला अलगद बाजूला काढते. दुसऱ्या दिवशी दिलगिरी, की विषय मिटला.

इथे माझी थिअरी अडते. ‘तिचा पाय घसरला’ यातही तीच षष्ठी, तेच क्रियापद. पण तिथे पाय एकटा घसरत नाही, सगळी बाई घसरते. सोबतचा पुरुष वाक्यात येतच नाही. म्हणजे सुटका व्याकरण करत नाही. कुणाला सोडायचं ते आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं, शब्द नंतर येतो.

‘रस्त्यावरच्या खडीमुळे’ एवढं जोडू का, असं मी एजंटला विचारलं होतं. तो म्हणाला, “नको सर, फाईल अडकेल.” बाबांनी डाव्या हाताने सही केली.