सुडाची चव

परी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चांदण्यासारखी शुभ्र, मागेल तो वर देणारी परी उभी राहते. एलिझाबेथ मे यांच्या ‘द फाल्कनर’ (२०१३) या इंग्रजी कादंबरीतील पऱ्या त्या जातीच्या नव्हेत. स्कॉटलंडच्या लोककथांतून आलेल्या या पऱ्या माणसाचा जीव घेतात; आपल्याकडे विहिरीवरच्या आसरांचे भय वाटावे, तसे त्यांचे भय!

स्थळ एडिंबरो, काळ १८४४. एडिंबरो-ग्लासगो आगगाडी १८४२ साली खरोखरीच सुरू झाली होती. लेखिकेने त्या वाफेच्या युगाला कल्पनेचे पंख लावून यंत्रे आकाशात उडविली आहेत. अशा लेखनास ‘स्टीमपंक’ म्हणतात.

नायिका आयलिआना ही एका बड्या उमरावाची कन्या. तिच्या आईचा खून एका परीने केला. गावात मात्र कुजबूज अशी, की तो हिनेच केला. दिवसा चहापान आणि नृत्यसमारंभ, रात्री पऱ्यांची शिकार, असे तिचे दुहेरी आयुष्य आहे.

सूड म्हणजे कर्तव्य, अशी सबब लेखिका पुढे करीत नाही. प्रत्येक वधानंतर नायिकेच्या अंगातून सुखाची लहर जाते, ती ओसरते, आणि पुन्हा भूक लागते. आपल्या अंबेचा सूड एका भीष्मापुरता होता. हिचा वैरी एकच असूनही हात मात्र भेटेल त्या परीवर चालतो. असे का व्हावे? उमरावांच्या घरी सुतकाचा काळा पोशाख किती दिवस ल्यावा याचे नियम आहेत, रडायला मात्र जागा नाही. बाप लेकीच्या दुःखाची विचारपूस न करता लग्न उरकू पाहतो. आतल्या आत कोंडलेले ते रडणेच तिच्या हाती शस्त्र होऊन येते.

दोषही आहेत. ज्या कुळाने आई मारली, त्याच कुळातील किआरन हा तिचा गुरू. त्याच्यावरच तिचे मन जडते. येथे केवढा पेच होता! लेखिका तो त्याच्या देखणेपणावर निभावून नेते. शिवाय ऐन रणधुमाळीत पुस्तक संपते. पुढची हकीगत २०१५ आणि २०१७ साली आलेल्या दोन भागांत आहे. कपाटात राहून नायिकेचे कपडे शिवणारा, मधाला चटावलेला चिमुकला डेरिक मात्र मनात घर करतो.

घरातील मोठ्या मुलींच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे. वाचून झाल्यावर एवढेच विचारावे : आयलिआनाला कुणी जवळ घेऊन पोटभर रडू दिले असते, तर?