विश्वास आणि हक्क : केन थॉम्प्सन यांच्या एका व्याख्यानाची चिकित्सा

संगणकविद्येच्या वाङ्मयात आकाराने लहान, परंतु परिणामाने दूरगामी असे लेखन थोडेच आढळते. केन थॉम्प्सन यांचे 'रिफ्लेक्शन्स ऑन ट्रस्टिंग ट्रस्ट' हे व्याख्यान अशा लेखनात मोडते. थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना युनिक्स प्रणालीच्या निर्मितीबद्दल १९८३ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. त्या निमित्ताने दिलेले हे व्याख्यान ऑगस्ट १९८४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात अवघ्या तीन पृष्ठांत प्रसिद्ध झाले. त्यातील तांत्रिक प्रतिपादनाची थोरवी सर्वमान्य आहे. तथापि त्या प्रतिपादनातून काढलेला नैतिक निष्कर्ष तितकाच ग्राह्य आहे काय, हा प्रश्न स्वतंत्र विचाराचा आहे. मानवी हक्कांच्या दृष्टीने तर तो अगत्याचा ठरतो.

प्रथम प्रतिपादनाचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. मनुष्य जी आज्ञावली लिहितो ती यंत्राला जशीच्या तशी कळत नाही. मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी जी दुसरी आज्ञावली, ती कंपायलर होय. कंपायलर हीदेखील आज्ञावलीच असल्यामुळे तिचेही रूपांतर आधीच्या एखाद्या कंपायलरने केलेले असते. थॉम्प्सन यांनी नेमके हेच मर्मस्थान हेरले. सी भाषेच्या कंपायलरमध्ये त्यांनी दोन कपटे योजून दाखविली. पहिल्या कपटामुळे युनिक्समधील प्रवेशतपासणीच्या आज्ञावलीचे रूपांतर होताना तीत एक गुप्त परवलीचा शब्द आपोआप मान्य होतो. दुसऱ्या कपटामुळे कंपायलर स्वतःच्याच संहितेचे रूपांतर करताना ही दोन्ही कपटे नव्या प्रतीत पुन्हा पेरतो. एकदा अशी प्रत सिद्ध झाली की मूळ संहितेतून कपटाची प्रत्येक ओळ पुसून टाकता येते. संहिता निष्कलंक दिसते, यंत्रात मात्र दोष पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहतो. या कल्पनेचे श्रेय थॉम्प्सन यांनी अमेरिकन हवाई दलाच्या एका अहवालास प्रांजळपणे दिले आहे. मल्टिक्स प्रणालीच्या सुरक्षिततेचे परीक्षण करणारा कार्गर आणि शेल यांचा १९७४ चा अहवाल तो हाच.

यावरून थॉम्प्सन असा निष्कर्ष काढतात की केवळ संहिता तपासून कोणत्याही आज्ञावलीची खात्री देता येत नाही. आज्ञावलीपेक्षा ती लिहिणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवणे कदाचित अधिक महत्त्वाचे ठरते. पुढे ते वृत्तपत्रांनी वीर ठरविलेल्या तरुण संगणकघुसखोरांकडे वळतात आणि पराव्या संगणकात शिरणे हे शेजाऱ्याचे घर फोडण्याइतकेच लांच्छनास्पद मानले गेले पाहिजे, असे आग्रहाने सांगतात.

व्याख्यानाचा कच्चा दुवा येथेच आहे. घरफोडीच्या दृष्टान्तात घरमालक पीडित असतो आणि चोर बाहेरून येतो. परंतु थॉम्प्सन यांनी स्वतः रचलेल्या उदाहरणात बाहेरचा कोणी शिरलेलाच नाही. ज्याने घर बांधले त्यानेच भिंतीत चोरवाट ठेवली आहे. कंपायलर ज्याच्या हाती तोच येथे समर्थ, आणि वापरणारा असहाय. म्हणजे सिद्ध केला तो सत्ताधाऱ्याचा अपराध आणि दोष दिला तो उपटसुंभ पोरांना. प्रमेय आणि उपदेश यांच्यातील ही विसंगती व्याख्यानाच्या संक्षेपामुळे वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

मानवी हक्कांची कल्पना उद्भवते तीच मुळी अशा विषम संबंधातून. १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या जागतिक जाहीरनाम्याचे बारावे कलम खासगी जीवनात व पत्रव्यवहारात होणाऱ्या मनमानी हस्तक्षेपापासून संरक्षण मागते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानेही पुट्टस्वामी प्रकरणात २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. समर्थाच्या सज्जनपणावर भिस्त ठेवावी लागू नये, याचसाठी हक्क असतो. यास्तव 'माणसांवर विश्वास ठेवा' हा उपदेश व्यक्तिगत व्यवहारात कितीही शहाणपणाचा असला, तरी तो हक्काची जागा घेऊ शकत नाही. हा धोका काल्पनिक राहिलेला नाही. २०१५ साली ॲपलच्या एक्सकोड या विकासप्रणालीच्या भेसळ केलेल्या प्रती चीनमध्ये प्रसृत झाल्या. त्या वापरणाऱ्या प्रामाणिक कारागिरांच्या आज्ञावलींत त्यांच्या नकळत परका भाग मिसळला गेला, आणि वीचॅटसारख्या लोकप्रिय आज्ञावलीची एक आवृत्तीही त्यातून सुटली नाही.

थॉम्प्सन यांच्या व्याख्यानाच्याच सुमारास, सप्टेंबर १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून १९८७ साली जीसीसी हा खुला कंपायलर प्रसिद्ध झाला. संहिता वाचण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य हा त्याचा पाया होय. पुढे २००० साली अमेरिकेतील सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने युंगर प्रकरणात मूळ संहितेस अभिव्यक्तीचे संरक्षण लागू होते असे मान्य केले. संहिता हे भाषण ठरले, म्हणून ती प्रकट करणे हा हक्क ठरला. परंतु थॉम्प्सन यांचा आक्षेप येथेही उभा राहतो : जे वाचले तेच यंत्रात चालते कशावरून? वाचनाचा हक्क मिळूनही वाचक फसू शकतो, ही गोष्ट खुल्या संहितेच्या भाविक पुरस्कर्त्यांनी विसरता कामा नये.

या आक्षेपाचे समर्पक उत्तर डेव्हिड व्हीलर यांनी दिले. २००५ च्या निबंधात मांडलेली पद्धत त्यांनी २००९ च्या जॉर्ज मेसन विद्यापीठातील प्रबंधात पूर्णत्वास नेली. संशयित कंपायलरच्या संहितेचे रूपांतर प्रथम एका स्वतंत्र वंशाच्या कंपायलरने करावयाचे. त्यातून निघालेल्या कंपायलरने त्याच संहितेचे पुन्हा रूपांतर करावयाचे. आणि अखेरचे फलित संशयित प्रतीशी अक्षरशः ताडून पाहावयाचे. काही अटी पाळल्यास आणि दोन्ही वंशांत तेच कपट नसल्यास, फलिते जुळणे हे संहिता व प्रत यांच्यातील इमानाचे प्रमाण ठरते. जीसीसीची परीक्षा घेताना व्हीलर यांनी इंटेलचा कंपायलर साक्षीदार म्हणून वापरला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा परिचय असणाऱ्यांना या पद्धतीचे तत्त्व परके वाटू नये. एकाच परंपरेतील शंभर पोथ्यांच्या साक्षीपेक्षा दोन स्वतंत्र परंपरांचे ऐकमत्य अधिक मोलाचे असते, आणि प्रक्षेप ओळखता येतो तो तुलनेनेच.

खुल्या कंपायलरचे खरे महत्त्व यातून स्पष्ट होते. प्रत्येक नागरिक संहिता वाचील ही अपेक्षा भाबडी आहे. परंतु संहिता उपलब्ध असेल तरच कोणी तिऱ्हाईत अनुज्ञेची याचना न करता ही परीक्षा घेऊ शकतो. न्यायालयाचे कामकाज उघडे असते ते प्रत्येकाने तेथे जाऊन बसावे म्हणून नव्हे. कोणासही जाता यावे म्हणून. २०२३ साली ग्विक्स प्रकल्पाने ३५७ बाइटांच्या बीजापासून पायरीपायरीने कंपायलर उभा करून दाखविला. विश्वासाचे क्षेत्र किती आकुंचित करता येते, याचा तो बोलका पुरावा होय.

अर्थात विश्वास पूर्णतः नाहीसा होत नाही. यंत्राच्या धातूत दडलेले कपट या पद्धतींच्या पलीकडे राहते, आणि तसा इशारा थॉम्प्सन यांनीही दिला होता. शिवाय खुला कंपायलर दडपशाहीची आज्ञावलीही तितक्याच इमानाने रूपांतरित करतो. त्यास हक्कांचा रक्षक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो हक्कांची एक पूर्वअट तेवढी पुरवितो. विश्वास ठेवावाच लागतो हे थॉम्प्सन यांचे प्रमेय आजही अबाधित आहे. पण ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा त्याची परीक्षा घेण्याचा अधिकार विश्वास ठेवणाऱ्याकडे असला पाहिजे, हे उपप्रमेय त्यांनी मांडले नाही. ते मांडण्याचे काम नंतरच्या पिढीने केले, आणि त्या व्याख्यानाचे वाचन आता या पुरवणीसहच करणे युक्त ठरेल.