तीन भाषांतले तुकोबा

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या पट्ट्यातल्या मराठी प्रेक्षकाला जुन्या चित्रपटांच्या बाबतीत एक भाग्य लाभले आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत निजामकाळच्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला आणि उरलेला म्हैसूर राज्यात आला. तरी घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि जहीराबादेकडून येणारी तेलुगू हा इथला रोजचा व्यवहार चालूच राहिला. हुमनाबादजवळच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली ती याच मातीत. त्यामुळे तुकारामांवरचे तीन भाषांतले चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहणे इथल्या माणसाला सहज जमते. ते अलीकडे पुन्हा पाहताना एक मत पक्के झाले. संतपटाची उंची मोजायची ती त्यात संताशी भांडणाऱ्या माणसाला किती जागा मिळाली यावरून.

या कसोटीवर प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आजही सगळ्यांच्या पुढे आहे. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकरांची. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याचे थोरपण तुकोबांच्या पत्नीत, जिजाईत आहे. गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली ही बाई शेण, चूल, म्हैस आणि पोरे यांच्यात पुरती रुतलेली आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती वहाण हातात घेऊन विठ्ठलाच्या देवळात शिरते. घरी आलेला शिवाजी महाराजांचा नजराणा नवरा परत पाठवतो, तेव्हा तिचा आणि मुलांचा हिरमोड कॅमेरा लपवत नाही. वैकुंठाचे बोलावणे आले तरी तिला घरची कामे सुटत नाहीत. दिग्दर्शकांनी तिला एकदाही मूर्ख ठरवलेले नाही. तिचा राग खरा, म्हणून तुकोबांची शांती खरी वाटते. चमत्कार या चित्रपटातही आहेत, पण ते अन्नाला मोताद झालेल्या घरात घडतात. तिथे दाण्याची किंमत प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरे बळ आवाजाचे. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस स्वतः गातात. चालता चालता, काम करता करता ते गातात आणि बोलण्यातून गाण्यात कधी शिरले ते कळत नाही. केशवराव भोळ्यांचे संगीत भजनाच्या अंगाने जाते. शांताराम आठवल्यांचे एक गीत तर तुकोबांच्या वळणाला इतके उतरले की अनेकांनी ते गाथेतलेच मानले.

कन्नडमधला ‘संत तुकाराम’ १९६३चा, सुंदरराव नाडकर्णींचा. त्यात तुकाराम झालेले राजकुमार हे गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीतून आलेले नट. त्यांची वाणी स्वच्छ आणि मुद्रेत खरा भक्तिभाव. पण त्या काळात त्यांच्या तोंडच्या गाण्यांना बहुधा पी. बी. श्रीनिवास यांचा आवाज असे. तो आवाज अतिशय गोड आहे. त्यामुळे अभंग श्रमातून वर येत नाही, वरून उतरतो. नायक पहिल्या दृश्यापासूनच पूज्य होतो आणि त्याच्याशी भांडणाऱ्यांचे म्हणणे दुबळे पडते. तेलुगू ‘भक्त तुकाराम’ (१९७३) आणखी भरजरी आहे. अक्किनेनी नागेश्वरराव तुकाराम, अंजलीदेवी त्यांची पत्नी आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेत तमिळ पडद्यावरचे शिवाजी गणेशन. घंटसालांचे गाणे मनात राहते. देहूतले दारिद्र्य मात्र सजावटीत हरवते.

कन्नड संतपटाने आपली खरी ताकद दाखवली ती ‘भक्त कुंभार’मध्ये (१९७४). हुणसूर कृष्णमूर्तींचा हा चित्रपट गोरोबाकाकांवर आहे, आणि गोरोबांचे तेर इथून फार लांब नाही. चिखल तुडवताना पायाखाली गेलेले मूल ही कथाच अशी आहे की भक्तीला तिथे उत्तर द्यावेच लागते. आईचा आक्रोश टाळून पुढे जाताच येत नाही. राजकुमार इथे अधिक माणूस वाटतात, कारण त्यांच्यावर आरोप करणारे कोणीतरी घरातच आहे.

आपल्या भूमीची स्वतःची गोष्टही पडद्यावर गेली आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली आणि विठू महाराच्या रूपाने विठ्ठलाने बिदर दरबारी रक्कम भरली, ही कथा घेऊन बाबूराव पेंटरांनी १९२२मध्ये मूकपट काढला. कल्याणच्या बसवण्णांवर १९५९मध्ये कन्नडमध्ये ‘जगज्ज्योती बसवेश्वर’ आला. भुकेल्यासाठी राजाचे कुलूप तोडणारा अधिकारी आणि बिज्जळ राजाच्या दरबारात राहून जातीला आव्हान देणारा मंत्री, हे दोन्ही विषय आजच्या दिग्दर्शकाने नव्याने हाती घ्यावेत इतके ज्वलंत आहेत.

अलीकडच्या प्रयत्नांत चंद्रकांत कुलकर्णींचा ‘तुकाराम’ (२०१२) जवळचा वाटतो. त्यांनी घर, सावकारी, दुष्काळ यांना भरपूर वेळ दिला. जितेंद्र जोशींचा तुकाराम आधी संसारी माणूस होतो, मग संत. राधिका आपटेंची आवली, म्हणजे तीच पत्नी, प्रभातच्या जिजाईची आठवण पुसत नाही, पण तिच्या वाटेने चालते. संतपट अजून जिवंत होऊ शकतो, याची ही खूण आहे.

आज भीती वेगळी आहे. संतांवरचे चित्रपट अधिकाधिक भव्य होत आहेत, आणि भव्यतेत पहिला बळी जातो तो घरातल्या विरोधाचा. विरोध गेला की अभंगातली धगही जाते, कारण तुकोबांचे शब्द भांडणातूनच घडले: मंबाजी, रामेश्वरभट या विरोधकांशी, विठ्ठलाशी आणि स्वतःशीही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जुने चित्रपट जपते. ते इथल्या महाविद्यालयांत मराठी, कन्नड, तेलुगू असे शेजारी शेजारी ठेवून दाखवले गेले पाहिजेत. तिन्ही भाषा कळणारा विद्यार्थी त्यांतला फरक कोणत्याही समीक्षकापेक्षा लवकर ओळखेल, आणि पुढचा संतपट लिहिणारा कदाचित त्याच्यातूनच येईल. त्याने एवढे जपावे: संताचे घर दाखवताना चुलीपुढच्या बाईचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे.